आल्यावर आलं

तात्या आलं लावायचे, ते कुजायचं, आणि कुजलेलं ते विसरून जायचे.

हे वर्षानुवर्षं चाललं होतं. खरं तर जांभेवाडीत भानुदास फडतरे, म्हणजे तात्या, हे आल्यातले जाणते. बेणं निवडायचं असलं की कोरेगावपासून रहिमतपूरपर्यंतचे लोक त्यांना गाडीवर बसवून न्यायचे. गड्डा नाकाशी धरून आत कूज आहे की नाही ते तात्या सांगत. या भागात एक गोष्ट शेंबडं पोरही सांगेल : ज्या रानात यंदा आलं निघालं, त्या रानात पुढची चार-पाच वर्षं आलं लावायचं नाही. कंदकूज मातीत दबा धरून बसलेली असते. हे तात्यांनीच कित्येकांना शिव्या घालून शिकवलं होतं.

मग सत्तरी ओलांडली आणि त्यांची आठवण विरत गेली. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, मग बायको वारल्याचंही गेलं. हात मात्र शाबूत राहिले. अक्षय तृतीया जवळ आली की ते विहिरीमागच्या पाच गुंठ्यांत जाऊन उभे राहायचे आणि सुनेला हाक मारायचे, "सारिके, बेणं काढ."

पहिल्या वर्षी सारिका म्हणाली होती, "तात्या, तिथं गेल्या साली कुजलंय की."

"कवा? कुणाचं?" त्यांनी असं बघितलं, जणू तिनं त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं बेणं आणून दिलं.

तिचा नवरा अजित चाकणला बॅटरीच्या कारखान्यात होता. पंधरवड्यातून एकदा यायचा आणि दर वेळी चिडायचा. "येड्याच्या नादानं तूबी बेणं नासतीस!"

"पाच गुंठं तर हाय," ती म्हणायची. "त्यात ते दिवसभर रमतात. नाहीतर हायवेवरनं धरून आणायला लागतं. तू येतोस का आणायला?"

यात मायेपेक्षा सोय जास्त होती, आणि ती ते लपवत नव्हती. तात्या रानात असले की तिला दुपारी घडीभर पाठ टेकता यायची. सकाळी त्यांना न्हाऊ घालणं, एकच गोष्ट वीसदा सांगणं, रात्री दार आतून लावून घेणं, यातून तेवढीच सुटका. भाद्रपदात पानांचे शेंडे पिवळे पडत, खोड नुसतं बोटांनी ओढलं तरी हातात येई, आणि घरभर कुबट वास भरे. तात्या बांधावर बसून लहान मुलासारखे रडत. "कुणी केलं गं हे?" दसऱ्यापर्यंत विसरून जात. सारिकेला ती सोय नव्हती. तिच्या ध्यानात सगळी वर्षं होती.

मग काळी कूज आली.

ती काही आभाळातून पडली नव्हती. जुनीच बुरशी, पण शेतकऱ्यांनी आजवर मारलेल्या प्रत्येक औषधातून वाचलेली. आता तिच्यावर काही म्हणता काही चालेना. दोन-तीन हंगामांत साताऱ्याचं आलं गेलं, सांगलीची हळद गेली, मग मराठवाड्यातली. टपरीवर चहात ड्रॉपरनं आल्याच्या अर्काचे थेंब टाकायला लागले. लग्नात नवरीला लावायची हळद कारखान्यातल्या टाक्यांत तयार होऊन पुडीतून येऊ लागली. सारिकेचा भाऊ विलास रहिमतपूरजवळ आल्याच्या पिकावरच मोठा झालेला. त्यानं सगळं कुजकं पीक ओढ्यात लोटलं आणि दुसऱ्याच्या टेंपोवर ड्रायव्हर म्हणून गेला.

त्या साली सारिकेच्या एवढंच लक्षात आलं, की भाद्रपद सरला आणि तात्या रडले नाहीत.

बाकीचं ड्रोननं पाहिलं. मसाला पिकांवर काम करणाऱ्या एका सरकारी संशोधन केंद्राचं ते ड्रोन तालुक्याच्या पिवळ्या रानांवरून फिरत होतं, आणि त्याला एका विहिरीमागे हिरवा चौकोन दिसला. चार दिवसांनी डॉक्टर इरफान तांबोळी दारात उभे होते. मूळचे कराडचे, पन्नाशीचे, खांद्याला पिशवी, डोळ्यांखाली काळं. त्यांच्याकडे काठीएवढं एक यंत्र होतं. ते मातीत खुपसलं, की तिच्यातल्या सूक्ष्मजीवांची जनुकं वाचून तिथं कोण कोण राहतंय ते तासाभरात कळायचं. पुढे गावानं त्याचं नाव थर्मामीटर ठेवलं.

"वहिनी, औषध कुठलं मारलं इथं?"

"काहीच नाही. मारून काय करायचं? कुजायचंच होतं."

"कुजायचंच होतं म्हणजे?"

तिनं सांगितलं. तांबोळी ऐकता ऐकता बांधावरच बसले. मग यंत्राच्या पडद्याकडे बघत त्यांनी तिला समजावलं. समोर दुसरं कुणी नव्हतं, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

झाड उन्हात जे अन्न तयार करतं, त्यातला बराच वाटा ते मुळांवाटे मातीत सोडून देतं. ती उधळपट्टी नसते. मुळांना बिलगलेल्या मातीच्या पातळ थरात त्या गोड रसावर कोट्यवधी जिवाणू आणि बुरश्या जगतात. त्यांतले काही झाडाला स्फुरद विरघळवून देतात, काही नत्र, काही मुळं वाढवणारी द्रव्यं. आणि काही राखण करतात. कुजीची बुरशी जवळ आली की तिच्याभोवती वेटोळं घालून तिला खातात, नाहीतर तिला मारणारं काहीतरी पाझरवतात. पण राखणदारांनाही पोट असतं. कूज नसली की ते उपाशी मरतात. आणि कूज आली की माणूस काय करतो? औषध मारतो, त्यात आधी राखणदार मरतात. नाहीतर पीक बदलतो; मग राखणदार उपाशी संपतात, आणि कूज मात्र टणक बीजाणूंत शिरून झोपून राहते.

"इथं कुणीच काही केलं नाही," तांबोळी म्हणाले. "दर साली कुजीला जेवण मिळालं, आणि तिच्या मागनं तिला खाणारे वाढत गेले. कधीतरी पारडं फिरलं. गव्हाच्या बाबतीत परदेशात असं फार पूर्वी दिसलं होतं. पण आल्यात, एवढी वर्षं, लागोपाठ नुकसान सोसायचं... तुमच्या सासऱ्यांनी हे ठरवलं कसं?"

"ठरवलं नाही काही," सारिका म्हणाली. "ते विसरतात."

प्रयोगशाळेत ते राखणदार वेगवेगळे वाढवून पाहिले. एकट्यादुकट्याचं कुजीपुढं काही चालेना. ते टोळीनंच काम करत, आणि टोळी टिकायची ती आल्याच्या जित्या मुळांभोवतीच. म्हणून मातीच द्यायची ठरली. विहिरीमागची दोन पाट्या माती दुसऱ्याच्या वाफ्यात मिसळली, की तिथं हळूहळू तशीच टोळी उभी राही. दुधाला विरजण लावावं तसं. लोक विरजणच म्हणायला लागले. फडतऱ्यांचं विरजण.

आणि विरजणाचं भांडं जपायला लागतं, म्हणून पाच गुंठ्यांना जाळीचं कुंपण आलं. आत जायचं तर बूट धुऊन, हातमोजे घालून. पाणी गाळून. बेणं निर्जंतुक करून. तात्यांना बंदी. ते अनवाणी फिरत, तंबाखू थुंकत, गड्डा धरलाय का बघायला रोपं उपटत. अजित फोनवर म्हणाला, "केंद्राच्या कागदावर कर सही. म्हाताऱ्याच्या येडाचं सोनं झालं एकदाचं."

पहिल्या सकाळी तात्यांनी जाळीला हात लावला. "हे कुणी घातलं?"

"सरकारनं. रान आपलंच हाय, तात्या."

"मला इचारलं न्हाई."

त्यांनी जाळी हलवली, ओरडले, कुणा मेलेल्या चुलतभावाचं नाव घेऊन त्याला कोर्टात खेचायची भाषा केली, आणि दमून झोपले. उठले तेव्हा सगळं पुसलं गेलं होतं. चहा पिऊन रानाकडे निघाले, जाळीपाशी थांबले. "हे कुणी घातलं?"

रान गेल्याची बातमी त्यांना रोज नव्यानं कळायची, कधी दिवसातून दोनदा, आणि दर वेळी ती द्यायला सारिकाच. काही दिवसांनी ती खोटं बोलायला लागली. आज पाणी सोडलंय, चिखल हाय, उद्या जाऊ. औषध मारलंय, उद्या जाऊ. 'उद्या' हा शब्द तिच्याच कानाला नकोसा झाला. घरापुढे तिनं त्यांना वाफा करून दिला, चार गड्डे लावायला दिले. तात्यांनी मूठभर माती उचलली, नाकाशी नेली आणि टाकून दिली.

दुपारची झोप गेली. तात्यांची भूकही कमी झाली. ते जाळीशी खुर्ची घेऊन बसायचे, बोटं तारेत अडकवून.

माघात विलास आला. हातात पिशवी, पिशवीत आलं. त्याच्या स्वतःच्या रानातलं. टेंपो सोडून तो पुन्हा शेतावर आला होता; विरजण मिळालेल्या पहिल्या शेतकऱ्यांत त्याचं नाव होतं. सारिकेनं एक तुकडा ठेचून चहात टाकला, आणि किती दिवसांनी त्या घरात तो वास आला. तिघं ओट्यावर बसून प्यायले. तात्यांनी पेला हुंगला. "कुणाच्या रानातलं?"

"माझ्या. पण माती तुमची, तात्या," विलास म्हणाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. तात्यांनी तो कोण हे न विचारता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

निघताना विलास गाडीपाशी थांबला. "ताई, त्यांना आत सोडू नको. लई घरं उभी हायत त्या मातीवर."

"ठाव हाय मला."

"ठाव असणारच. दमून सोडशील, म्हणून म्हणतो."

तो तिचा भाऊ होता. तिला ओळखून होता.

श्रावणात एका दुपारी तसंच झालं. तात्यांनी जाळी ओढता ओढता तळहात कापून घेतला. सारिकेनं पट्टी बांधली. ते पट्टी बांधलेल्या हातानंच पुन्हा जाळी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुणी घातलं?" सारिकेला कीव आली असं नाही. भांडायचं आहे असंही नाही. तिला फक्त बसायचं होतं. तिनं खिळ्यावरची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि बाजूला झाली.

तात्या आत गेले. दोन वाफ्यांच्या मधल्या सरीत बसले, मनगटापर्यंत हात मातीत घातला आणि गप्प झाले. सारिका विहिरीच्या कठड्याला टेकली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा तांबोळी समोर उभे होते. दर महिन्याच्या तपासणीचा तो दिवस होता हे ती विसरली होती. आत तात्या अजून बसलेले. पायाशी तंबाखूची पिंक, दोन रोपं उपटलेली.

तांबोळी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सरळ आत गेले आणि यंत्र खुपसून वाट बघत बसले. सारिका दाराशी उभी राहिली. तिला विलासचा चेहरा दिसत होता, आणि ज्यांना ती कधी भेटली नव्हती अशा लोकांचेही.

"मी घालवलं का सगळं?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही." तांबोळींनी यंत्र मातीतून उपसलं. "राखणदार आधीपासनंच कमी होताहेत. गेल्या दोन तपासण्यांत दिसलं होतं. मला वाटलं, यंत्राची चूक असेल. चूकच असावी अशी इच्छा होती."

"मग कुणामुळं?"

"आमच्यामुळं. स्वच्छ बेणं, गाळलेलं पाणी, धुतलेले बूट. आम्ही कूज इथं येऊच दिली नाही. म्हणजे त्यांचं जेवणच बंद केलं." त्यांनी बुटांवरची प्लास्टिकची खोळ काढली, चुरगाळून खिशात घातली. "जपून जपून उपाशी मारलं त्यांना."

मग त्यांनी हिशेब मांडला, आणि तो साधा होता. ज्या शेतांत विरजण गेलं होतं, तिथंही कूज नाहीशी झाली होती. म्हणजे तिथंही राखणदार काही वर्षांत विरळ होणार, आणि आसपास काळी कूज टपून होतीच. ताजं विरजण हवं असेल तर कुठंतरी एक वाफा सतत हरत राहायला हवा. कुणीतरी रोगट बेणं मुद्दाम लावायचं, कुजू द्यायचं, पुन्हा तिथंच लावायचं. नवं विरजण तयार व्हावं म्हणून केंद्रानं याआधीच दुसऱ्या गावांत तसं करून पाहिलं होतं. नुकसानभरपाई चोख दिली. तरी दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं गुपचूप औषध मारलं, नाहीतर पीक उपटून मका पेरला. "पैसे मिळतात हो," एक जण तांबोळींना म्हणाला होता, "पण डोळ्यांदेखत कुजताना बघवत नाही."

कुंपण निघालं. आता तात्यांना कुणी अडवणार नव्हतं, पण त्या हिवाळ्यात त्यांचे पाय गेले, आणि पाठोपाठ रानाकडे जायची ओढही. ते पडवीत खुर्चीवर बसून राहायचे. अक्षय तृतीयेला सारिकेनं खुर्ची बांधावर नेली, त्यांना धरून आणून तिथं बसवलं आणि एकटीनंच बेणं लावायला घेतलं. तांबोळींनी दिलेलं, आत कूज असलेलं बेणं.

तात्या बराच वेळ बघत होते. "काय लावतीस?"

"आलं, तात्या."

"गेल्या साली काय हुतं इथं?"

तिचा हात थांबला. असं त्यांनी कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं. "आलंच."

"येडी हायस का?" तात्यांचा आवाज एकदम जुना, खणखणीत झाला. "आल्यावर आलं लावत्यात व्हय? कुजंल समदं! कुणी शिकीवलं तुला?"

सारिका सरीत उकिडवी बसली होती. हसावं की काय करावं तिला कळेना. "चुकलं, तात्या," ती म्हणाली, आणि पुढचा गड्डा मातीत दाबला. ते तिच्याकडं बघत राहिले, एखाद्या अनोळखी बाईची कीव करावी तसे.

आषाढात ते झोपेतच गेले. भाद्रपदात आलं कुजलं. या वेळी बांधावर रडायला कुणी नव्हतं. सारिकेनं ते एकटीनं काढलं, वास नाकात घेऊन, एकेक गड्डा बोटांत चिरडत.

फाल्गुनात तांबोळी आले. अजितही घरी होता. चहा झाला तरी तांबोळी मुद्द्यावर येईनात, तेव्हा सारिकाच म्हणाली, "पुढच्या वर्षाचं विचारायला आलात ना?"

"हो. अजून तीन-चार वर्षं तरी. तुम्ही या मातीला ओळखता, म्हणून."

"माझ्याच्यानं नाही होणार."

तांबोळींनी मान हलवली. त्यांनी आग्रह केला नाही, आणि त्यामुळं तिला बोलणं सोपं गेलं. "तात्या विसरायचे म्हणून त्यांना जमलं. माझ्या सगळं ध्यानात राहतं. इतकी वर्षं मी एक माणूस सरताना बघितलाय, डॉक्टर. आता मला काहीच सरताना बघायचं नाही. लोकांचं वाईट होईल हे कळतंय मला. माझा भाऊच आहे त्यात. तरी नाही."

मग अजित म्हणाला, "मी करतो."

सारिकेनं वळून बघितलं.

"कंपनीत निम्म्या लाइनीवर यंत्रं आलीत. आज ना उद्या मला घरी जा म्हणणारच हायत." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "तात्या असताना मी एकदाबी भाद्रपदात घरी थांबलो नाही. कुजल्यावर यायचो आणि तुझ्यावर ओरडून जायचो. मला जमंल का नाही, ठाव नाही. पण बघतो."

"बघवत नाही रे," ती म्हणाली.

"तू बघितलंस की."

अक्षय तृतीयेच्या आधी तिनं त्याला सऱ्या दाखवल्या, बेण्याला डोळा कुठं असतो ते दाखवलं, आणि दोन पातळं पिशवीत घालून ती विलासकडे गेली. आठ दिवसांचं सांगून. ती तिथं झोपली. सकाळी उठून भावजयीला चार भाकरी थापून द्यायची आणि पुन्हा झोपायची. भावजयीला काळजी वाटली, डॉक्टरांना दाखवूया म्हणाली. विलास म्हणाला, "झोपू दे तिला." आठ दिवसांचे महिने झाले. विलासचं आलं कमरेएवढं वाढलं होतं. ती त्याच्या बांधावरून फिरायची, पण मातीला हात लावायची नाही.

भाद्रपदात अजितचा फोन आला. ती पडवीत बाजेवर आडवी होती.

"कुजलं," तो म्हणाला.

"किती?"

"सगळं." अजित म्हणाला. "मला वाटलं हुतं, मुद्दाम लावलेलंच हाय, तर काय वाटणार नाही. औषधाचा पंप बाहेर काढला हुता मी. मारला नाही. ठेवला परत."

"जेवलास का?"

"नाही. हाताला वास हाय. साबणानं जाईना."

"साबणानं नाही जात. चिंच चोळ, मग राख. पाणी गरम घे."

"बरं." मग थांबून, "तांबोळी येऊन मोजून गेले. राखणदार थोडे आलेत म्हणे."

"थोडे म्हणजे किती?"

"थोडे."

ती छताकडे बघत होती. तिकडे विहिरीवर मोटर चालू असल्याचा आवाज फोनमधून येत होता.

"येतीस का?" त्यानं विचारलं.

"येईन. पण काढू लागणार नाही. नुसती बसेन बांधावर."

"बस नुसती," अजित म्हणाला. "तेवढं पुरं."

तिनं फोन उशाशी ठेवला आणि कूस बदलली. रहिमतपूरहून जांभेवाडीला जाणारी शेवटची गाडी निघायला अजून अवकाश होता.